सी ड्राइव्हचे ११३ जीबी कोणत्या खात्यात गेले?

अंबाडी
सोमवार, रात्री ९:४०

घरच्या कॉम्प्युटरवर सी ड्राइव्हची पट्टी लाल झाली आहे. विंडोज १०, रॅम ८ जीबी, २५६ जीबीची एसएसडी, दुसरा ड्राइव्ह नाही. त्यावर बचत गटाचं लिखाण, गावातल्या बायकांचे फॉर्म, सातबारे, पीक विम्याच्या पावत्या आणि घरचे फोटो. यातलं काहीच जड नाही.

गटाची कीर्द मीच लिहिते, तेव्हा सवयीनं वहीत मांडलं:

एकूण जागा २३८ जीबी
वापरलेली २३१
शिल्लक ७
सी उघडून सगळे फोल्डर निवडले आणि प्रॉपर्टीज बघितली तर ११८

म्हणजे ११३ जीबी खर्ची पडले आणि पावती एकाचीही नाही. शिवाय डब्यावर २५६ लिहिलेलं असताना इथे २३८ कसे, तेही कळलं नाही.

तालुक्याच्या दुकानात फोन केला. "ताई, मशीन घेऊन या, फॉरमॅट मारून देतो." आमच्या आर्वीकडे सध्या सोयाबीन सवंगणीला आलंय, मजूर मिळेनात, त्यात एसटीत मांडीवर डबा घेऊन कोण जाणार? नेट मोबाईलचं आहे, दिवसाला २ जीबी. त्यामुळे जड काही डाउनलोड करायला सांगू नका.

आणि काहीही उडवायच्या आधी मला हे ११३ कुठे आहेत ते बघायचं आहे.

झुणका_अकोलेवाला
सोमवार, रात्री ९:५५

व्हायरस असन ताई. आमच्या पोट्ट्याच्या लॅपटॉपले असंच झालतं. फॉरमॅट मारला, आता गाडी सुसाट हाये.

चिंचबन
सोमवार, रात्री १०:१०

झुणकाभाऊ, फॉरमॅट मारल्यावर जागा मोकळी होणारच ना. पण कशानं भरली होती ते कळलं का? नाही कळलं तर सहा महिन्यांनी पुन्हा तेच.

अंबाडीताई, शेतात नाहीतर गोठ्यात कॅमेरा लावला आहे का? आमच्याकडे विहिरीवरची मोटर चोरीला गेल्यापासून घरोघरी कॅमेरे झालेत आणि त्यांचं रेकॉर्डिंग बरेचदा घरच्या कॉम्प्युटरवर साठत राहतं.

अंबाडी
सोमवार, रात्री १०:२०

कॅमेरा आहे, पण त्याचं कार्ड त्याच्यातच. कॉम्प्युटरशी जोडलेला नाही.

जुना_वायरमन
मंगळवार, सकाळी ६:१५

ताई, तुम्ही वहीत मांडून विचारलं म्हणून सविस्तर लिहितो. एरवी लोक "जागा नाही, काय करू" एवढंच लिहितात आणि मग आपण अंधारात चाचपडत बसतो.

२५६ आणि २३८ मध्ये काही हरवलेलं नाही. डिस्क बनवणारे १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतात. विंडोज १०२४ ला तीनदा गुणतं, म्हणजे त्याचा १ जीबी १०७ कोटी ३७ लाख बाइटच्या वर जातो. २५६०० कोटीला त्यानं भागून बघा, २३८ येतील. याच कारणानं ५०० जीबीची डिस्क ४६५ दाखवते आणि १ टीबीची ९३१. हा विषय इथेच मिटला.

आता ११३. तुमची बेरीज बरोबर आहे, पण अपुरी आहे. एक्सप्लोररमध्ये "सगळं निवडा" केलं की जे दिसतं तेवढंच निवडलं जातं. लपवलेले फोल्डर त्यात येत नाहीत. दुसरं म्हणजे, ज्या फोल्डरात शिरायची तुमच्या खात्याला परवानगी नाही, तिथलं तो मोजतच नाही आणि मोजलं नाही असं सांगतही नाही. २३१ चा आकडा मात्र फाइल सिस्टीम, म्हणजे डिस्कवरच्या फायलींचा हिशेब ठेवणारी यंत्रणा, स्वतः देते. त्यात दिसणारं, न दिसणारं, सगळं आलं.

एक गंमत उलट बाजूनंही आहे. विंडोजच्या फोल्डरात विनएसएक्सएस नावाचा फोल्डर असतो. त्यातल्या कितीतरी फायली हार्डलिंक असतात, म्हणजे डिस्कवर फाइल एकच, पण नोंदी दोन ठिकाणी. एक्सप्लोरर दोन्ही ठिकाणी मोजतो. त्यामुळे तुमचे ११८ सुद्धा थोडे फुगलेले आहेत. हिशेब पैशापैशाला जुळणार नाही, चार-सहा जीबी इकडेतिकडे राहतील. आणि कोणी "विनएसएक्सएस उडवा, लय मोठा असतो" म्हटलं तर ऐकू नका. तो हातानं उडवला तर विंडोज बसेल.

आज एवढंच करा. एक्सप्लोररमध्ये व्ह्यूवर जाऊन "हिडन आयटम्स"वर टिक करा. मग ऑप्शन्समध्ये "हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टीम फाइल्स" आहे, तिथली टिक काढा. इशारा येईल, हो म्हणा. मग सी मध्ये नवीन काय काय दिसतं ते आकड्यांसकट इथे टाका. उडवू काहीच नका. काम झालं की ती टिक पुन्हा लावून ठेवा.

झुणका_अकोलेवाला
मंगळवार, सकाळी ८:३०

लाईन जाऊन जाऊन डिस्क खराब झाली असन काय? आमच्याइकडे तर दिवसातून चारदा जाते.

जुना_वायरमन
मंगळवार, सकाळी ८:५०

रास्त शंका आहे. लिहिता लिहिता लाईन गेली की फायलींचे तुकडे बेवारस राहू शकतात. चेकडिस्क हा विंडोजचा डिस्क तपासणारा प्रोग्राम ते गोळा करून फाउंड डॉट ००० नावाच्या फोल्डरात टाकतो, आत सीएचके शेवटाच्या फायली असतात. तोही लपवलेलाच असतो. ताई, दिसला तर सांगा. पण त्यात ११३ जीबी निघतील असं मला वाटत नाही.

अंबाडी
मंगळवार, दुपारी १:०५

दिवसभर लाईन नव्हती, आत्ता आली. नवीन दिसलेल्या वस्तू:

हायबरफिल डॉट सिस ३.२ जीबी
पेजफाइल डॉट सिस ८ जीबी
प्रोग्रामडेटा फोल्डर, प्रॉपर्टीज केलं तर ३९.६ जीबी
सिस्टीम व्हॉल्यूम इन्फर्मेशन, आकडा ० दाखवतो, उघडत नाही
डॉलर रिसायकल बिन, आकडा जवळपास ०
फाउंड डॉट ००० आहे, पण त्यात २ एमबीसुद्धा नाही

म्हणजे ५१ जीबीच्या आसपास पावती मिळाली. ६२ अजून बाकी.

निंबोणी
मंगळवार, दुपारी १:३०

हायबरफिल लगेच बंद करा. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि पॉवरसीएफजी, स्पेस, स्लॅश एच, स्पेस, ऑफ. एका ओळीत ३ जीबी मोकळे. मी प्रत्येक मशीनवर हेच आधी करते.

चिंचबन
मंगळवार, दुपारी २:००

प्रत्येक मशीनवर नको. ताई, यूपीएस आहे का? यूपीएसची यूएसबी वायर कॉम्प्युटरला जोडलेली असेल तर बॅटरी संपत आली की विंडोज आपोआप हायबरनेट होऊ शकतं. उघडं असलेलं सगळं काम त्या हायबरफिलमध्ये उतरतं आणि लाईन आल्यावर जिथल्या तिथे परत मिळतं. पुण्यामुंबईच्या माणसाला याचं मोल कळायचं नाही. अर्धा भरलेला फॉर्म गेला की काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे.

निंबोणी
मंगळवार, दुपारी २:१०

मान्य. पण ८ जीबी रॅमला ३.२ कशाला? हायबरनेशनची फाइल साधारण रॅमच्या ४० टक्के धरते हे ठीक, पण ती कमीही करता येते ना.

जुना_वायरमन
मंगळवार, दुपारी २:४०

येते, "रिड्यूस्ड" प्रकार असतो, साधारण निम्मी होते. पण मग त्यात फक्त फास्ट स्टार्टअप, म्हणजे मशीन लवकर सुरू होणं, चालतं, पूर्ण हायबरनेट होत नाही. म्हणजे चिंचबन म्हणतात तो फायदा जातो. ११३ मधले ३ वाचवायला यूपीएसचा आधार घालवू नका. पेजफाइललाही हात नको. रॅम ८ आहे, ब्राउझरमध्ये दहा टॅब उघडून ती अपुरी पडली की पेजफाइलच कामी येते.

आता मोठ्या माशाकडे. सिस्टीम व्हॉल्यूम इन्फर्मेशन ० दाखवतो म्हणजे रिकामा आहे असं नाही. तिथे फक्त सिस्टीम स्वतः शिरू शकते, ॲडमिनिस्ट्रेटरलाही दार बंद. सिस्टीम रिस्टोअरच्या जुन्या प्रती तिथेच असतात. ॲडमिनिस्ट्रेटरच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये व्हीएसएसॲडमिन लिस्ट शॅडोस्टोरेज ही कमांड द्या. तीन आकडे येतील: यूज्ड, अलोकेटेड, मॅक्सिमम.

अंबाडी
मंगळवार, सायंकाळी ७:१५

यूज्ड २३.१, अलोकेटेड २३.८, मॅक्सिमम २३.८.

जुना_वायरमन
मंगळवार, सायंकाळी ७:३०

बघा, काठोकाठ भरलं आहे. २३८ च्या बरोबर १० टक्के कोणीतरी राखून ठेवले आहेत. हे चांगल्यासाठीच असतं. अपडेट बिघडलं तर मागे जाता येतं. पण जागेची एवढी ओढाताण असताना १० टक्के जास्त आहेत. स्टार्टमध्ये "क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट" शोधा, सी निवडून कॉन्फिगर दाबा आणि सरकपट्टी ३ टक्क्यांवर आणा. जुने पॉइंट आपोआप गळतील, ताजे राहतील. "डिलीट" बटण दाबू नका, त्यानं सगळेच जातात.

तुमच्या वहीत: ५१ अधिक २३.८, म्हणजे जवळपास ७५. बाकी ३८.

उरलेल्यासाठी एक छोटा प्रोग्राम घ्या, विझट्री. काही एमबीचाच आहे, तुमच्या रोजच्या २ जीबीत सहज बसेल. दुसरा विनडिरस्टॅट, तोही चांगला. पण विझट्री एकेका फोल्डरात शिरत नाही, एनटीएफएस या विंडोजच्या फाइल सिस्टीमची मुख्य नोंदवही म्हणजे एमएफटी थेट वाचतो. त्यामुळे काही सेकंदांत काम होतं आणि परवानगी नसलेल्या फोल्डरांचे आकारही कळतात. फक्त "रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर" करायला विसरू नका.

एक महत्त्वाचं. युजर्स फोल्डरात दुसऱ्या कोणाचं खातं दिसलं आणि एक्सप्लोररनं "परवानगी नाही, कंटिन्यू?" विचारलं तर कंटिन्यू दाबू नका. ती तात्पुरती परवानगी नसते, तुमचं नाव त्या फोल्डरावर कायमचं चढतं. विझट्रीतून नुसतं बघितलं तर असं काही होत नाही.

झुणका_अकोलेवाला
मंगळवार, रात्री ८:००

वायरमनबुवा, तुम्ही रिटायर झाल्यावर कॉम्प्युटर शिकले काय? मले तर क्लीनर सॉफ्टवेअर मारा एवढंच येते.

निंबोणी
मंगळवार, रात्री ८:०५

फुकटवाले क्लीनर शक्यतो नकोच. टेम्प फायली काढायला विंडोजचं डिस्क क्लीनअप पुरतं. रजिस्ट्री साफ करून जागा मिळते हा तर निव्वळ गैरसमज आहे.

अंबाडी
बुधवार, सकाळी ७:४५

विझट्री चालवला. बघता बघता यादी आली, मला वाटलं होतं स्वयंपाक आटपेल तोवर चालेल.

सापडलं. आमच्या दिरांचा मुलगा आमच्याकडे राहून एमपीएससीचा अभ्यास करायचा, आता नागपूरला आहे. त्याचं वेगळं खातं या मशीनवर अजून आहे हे आम्ही सगळे विसरलो होतो. त्याच्या युजर्स फोल्डरात २४ जीबी, त्यातले १९ नुसते लेक्चरचे व्हिडिओ. आणि डॉलर रिसायकल बिनमध्ये एस-१-५ नं सुरू होणारा लांबलचक नावाचा एक फोल्डर आहे, त्यात १३ जीबी. माझा रिसायकल बिन तर रिकामा दिसतो!

प्रोग्रामडेटामधल्या ३९.६ पैकी ३४ जीबीची तर एकच फाइल आहे, शेवट व्हीएमडीके. ती काय असते?

हिशेब: ३.२ + ८ + २३.८ + ३९.६ + २४ + १३ = १११.६.

जुना_वायरमन
बुधवार, सकाळी ८:२०

हिशेब जुळला म्हणायला हरकत नाही. वरचे दीडेक जीबी आणि विनएसएक्सएसची दुहेरी मोजणी सोडून द्या.

रिसायकल बिन प्रत्येक खात्याचा वेगळा असतो. एस-१-५ वालं लांब नाव म्हणजे त्या खात्याचा ओळख क्रमांक. तुम्ही तुमच्याकडून कितीदा रिकामा केला तरी त्याचा भरलेलाच राहणार.

व्हीएमडीके म्हणजे आभासी हार्ड डिस्क. कॉम्प्युटरवर मोबाईलचे ॲप चालवायला जो एम्युलेटर टाकतात, तो अख्खा फोन त्या एका फायलीत ठेवतो. गेम टाकला की फाइल फुगते, पण आतला गेम काढला तरी ती सहसा आपसूक आटत नाही. पोरानं गेम काढून टाकले असतील तरी ३४ जीबी तसेच राहतात.

झुणका_अकोलेवाला
बुधवार, सकाळी ८:३०

एमपीएससीले बंदुकीचा गेम कोणत्या पेपरात येते म्हणे? 😄

चिंचबन
बुधवार, सकाळी ८:४५

हसू नका बे, पोरगं शिकून राहिलं. ताई, त्याच्या खात्यात काही करायच्या आधी त्याला एक फोन करा. जागा तुमची असली तरी खातं त्याचं आहे.

अंबाडी
बुधवार, सकाळी ९:१०

केला. आधी लाजला, मग म्हणाला, "काकू, एम्युलेटर काढून टाका, बाबांना सांगू नका." पिन दिला आहे. लेक्चर मात्र हवे आहेत, दिवाळीत येईल तेव्हा नेईल म्हणतो. रिसायकल बिन त्याच्या खात्यात शिरून रिकामा करते.

नाव्हाशेव
बुधवार, सकाळी ११:००

धागा वाचून राहावलं नाही. हिंगणघाटकडच्या एका जिनिंगवर वजनकाट्याला जोडलेलं जुनं मशीन आहे, विंडोज ७. काट्याचं सॉफ्टवेअर दुसऱ्यावर चालत नाही म्हणून तसंच ठेवलं आहे. त्याची डिस्क कापसाच्या हंगामात अचानक भरली. सी मध्ये विंडोज, टेम्प या फोल्डरात कॅब अंडरस्कोर आणि आकडे अशा नावाच्या फायलींची रास. एकेक १०० एमबीच्या आसपास. सगळ्या उडवल्या, पुन्हा तयार. गाड्या रांगेत आणि पावती निघेना.

जुना_वायरमन
बुधवार, सकाळी ११:४०

हे जुनं आणि माहितीतलं दुखणं आहे, विंडोज ७ वर फार दिसायचं. विंडोज, लॉग्ज, सीबीएस या फोल्डरात बघा. तिथे एक लॉग २ जीबीच्या वर गेलेला असेल. विंडोज जुना लॉग मेककॅब नावाच्या प्रोग्रामनं दाबून ठेवायला जातं, पण कॅब फायलीला २ जीबीच्या वरचं पेलवत नाही. मेककॅब अर्ध्यात पडतो, अर्धवट तुकडा टेम्पमध्ये सोडतो, थोड्या वेळानं पुन्हा प्रयत्न, पुन्हा तुकडा. डिस्क भरेपर्यंत हेच चालतं.

म्हणून टेम्प झाडून उपयोग नाही. सर्व्हिसेसमध्ये जाऊन विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर थांबवा, सीबीएसमधले ते मोठे लॉग काढा, मग टेम्पमधल्या कॅब फायली काढा, मग सर्व्हिस चालू करा. क्रम हाच ठेवा.

आणि विंडोज ७ ची अपडेट १४ जानेवारी २०२० लाच थांबली. काटा चालवा, पण ते मशीन नेटला लावू नका.

नाव्हाशेव
बुधवार, दुपारी ४:३०

लॉग निघाला, २.१ जीबी. तुम्ही सांगितल्या क्रमानं केलं. ६० जीबीच्या वर मोकळे झाले. काटा चालू आहे. उपकार झाले बुवा.

निंबोणी
बुधवार, सायंकाळी ५:००

ज्यांना वेगळा प्रोग्राम टाकायचाच नाही त्यांच्यासाठी: विंडोज १० मध्ये सेटिंग्ज, सिस्टीम, स्टोरेज इथे "शो मोअर कॅटेगरीज" दाबलं की "अदर पीपल" अशी एक ओळ येते. दुसऱ्या खात्यांनी किती जागा घेतली ते तिथे दिसतं. "सिस्टीम अँड रिझर्व्ह्ड"मध्ये हायबरनेशन, व्हर्च्युअल मेमरी आणि रिस्टोअर यांची फोडही मिळते.

चिंचबन
बुधवार, सायंकाळी ५:२०

हे तू सोमवारीच सांगितलं असतं तर वायरमनबुवांचे अंगठे वाचले असते.

अंबाडी
गुरुवार, रात्री ८:५०

एम्युलेटर सेटिंग्जमधल्या ॲप्समधून रीतसर काढला, ती ३४ जीबीची फाइल त्याच्यासोबत गेली. रिस्टोअर ३ टक्क्यांवर आणला. रिसायकल बिन रिकामा. हायबरफिल आणि पेजफाइल तसेच ठेवले. शिल्लक आता ७० जीबी दाखवते, पट्टी निळी.

आता नवीन अडचण. लेक्चर पेनड्राइव्हवर टाकत होते. पेनड्राइव्ह ३२ जीबीचा, रिकामा, २९ दाखवतो. छोट्या फायली गेल्या. पण पुतण्यानं एका विषयाची सगळी लेक्चर एकत्र करून झिप केली आहे, ६ जीबीची. ती टाकली की "फाइल टू लार्ज" म्हणतो. जागा तर आहे!

जुना_वायरमन
गुरुवार, रात्री ९:०५

पेनड्राइव्हवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज बघा. फाइल सिस्टीमपुढे एफएटी३२ लिहिलं असेल. त्यात एक फाइल ४ जीबीच्या वर जाऊ शकत नाही, जागा कितीही असो. पेनड्राइव्हवरचं कॉम्प्युटरवर परत घ्या, मग फॉरमॅटमध्ये एक्सफॅट निवडा आणि पुन्हा टाका. मोबाईल आणि नवे टीव्ही बहुतेक वाचतात, गाडीतला जुना प्लेअर वाचेलच असं नाही.

झुणका_अकोलेवाला
गुरुवार, रात्री ९:१०

शेवटी फॉरमॅट माराच लागला ना ताई! मी सोमवारीच म्हणलं होतं 😄

अंबाडी
गुरुवार, रात्री ९:५०

पेनड्राइव्हचा मारला भाऊ, डब्याचा नाही. एक्सफॅट केला, झिप गेली. आता त्याच्या खात्यातले १९ जीबी तो दिवाळीत येऊन स्वतः काढेल, तोवर राहू देते.